‘काही दिसलं नाही’ हेही लिहा: इंग्लंडमधल्या एका गावाभोवतीच्या पक्षी, फुलपाखरं आणि सापसरड्यांच्या नोंदी

इंग्लंडच्या हॅम्पशर काउंटीत सेलबर्न नावाचं गाव आहे. चुनखडीच्या उभ्या चढावर बीच झाडांचं रान, पायथ्याशी रस्ता, चर्च, घरं आणि पुढे शेतं-कुरणं. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री इथे राहायचे. गावात घरटी करणाऱ्या स्विफ्ट पक्ष्यांच्या जोड्या ते दरवर्षी मोजत आणि आकडा आठ येई. स्विफ्ट म्हणजे आपल्या पाकोळीच्या कुळातला, छपरांच्या फटींत घरटं करणारा पक्षी. व्हाइट १७९३ मध्ये गेले, पण त्यांचा तो ‘आठ’ आजही कामाचा आहे. पक्षी कोणता हे नक्की होतं, जागा एकाच गावापुरती होती, मोजणी घरटी करण्याच्या हंगामात व्हायची आणि दरवर्षी त्याच रीतीने व्हायची. त्यांनी ‘यंदा पुष्कळ स्विफ्ट आहेत’ एवढंच लिहिलं असतं, तर आजच्या संख्येशी ताडून पाहायला काहीच उरलं नसतं. हा पक्षी २०२१ पासून ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत जास्त काळजी वाटाव्या अशा पक्ष्यांच्या यादीत, आहे, म्हणून ही तुलना आता फार गरजेची झाली आहे.

ब्रिटनमध्ये गावोगावी हौशी लोक अशा नोंदी करतात, आणि देशातल्या वन्यजीवांची माहिती मुख्यतः त्यांच्याच जोरावर उभी आहे. पक्षी ओळखता येणं हा या कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग, म्हणजे किती वेळ, कुठे आणि कशा रीतीने पाहिलं हे लिहिणं, नवखे लोक सोडून देतात. त्यामुळे चांगल्या डोळ्यांनी केलेलं कामही वाया जातं.

कुठलीही नोंद चार प्रश्नांची उत्तरं देते: काय, कुठे, कधी, कोणी. यातलं एक जरी सुटलं तरी ती नोंद राष्ट्रीय साठ्यात घेतली जात नाही. ‘कधी’ म्हणजे पूर्ण तारीख. ‘मेच्या मध्यात’ चालत नाही. ‘कोणी’ लिहायचं ते मानासाठी नाही. पुढे शंका आली तर विचारायचं कोणाला, हे कळावं म्हणून. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘कुठे’ या प्रश्नात.

जागा लिहायची कशी

‘चर्चच्या मागचं कुरण’ हे गावातल्या माणसाला कळतं, काउंटीच्या कार्यालयात बसलेल्याला नाही, आणि पन्नास वर्षांनी तर कोणालाच नाही. म्हणून ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा संस्थेची चौकटींची पद्धत वापरतात. सगळा देश १०० किलोमीटरच्या चौरसांत विभागलेला आहे आणि प्रत्येक चौरसाला दोन अक्षरं दिलेली आहेत. सेलबर्न येतं ‘एसयू’ मध्ये. अक्षरांपुढे आकडे येतात. पहिला अर्धा भाग पश्चिमेकडून पूर्वेकडे किती, दुसरा अर्धा दक्षिणेकडून उत्तरेकडे किती. एसयू ७४३३ म्हणजे सेलबर्न गाव ज्यात येतं तो १ किलोमीटरचा चौरस. एसयू ७४१३३७ म्हणजे त्यातला चर्चजवळचा १०० मीटरचा चौरस. आठ आकडे दिले की जागा १० मीटरपर्यंत नेमकी होते.

आधी आडवं, मग उभं, हा क्रम पक्का डोक्यात बसवायचा. ७४३३ ऐवजी चुकून ३३७४ लिहिलं, तर सेलबर्नचा पक्षी सुमारे ५८ किलोमीटर दूर, बर्कशरमधल्या लॅम्बर्न गावाच्या दक्षिणेला जाऊन बसतो. संगणकाला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण तिथेही शेतं आहेत आणि तिथेही तो पक्षी असू शकतो. सुरुवातीची अक्षरं गाळली तर गोंधळ आणखी मोठा, कारण तेच आकडे देशातल्या प्रत्येक १०० किलोमीटरच्या चौरसात पुन्हा येतात.

काउंटीचे पक्षी-नकाशे बहुतेक वेळा २ किलोमीटरच्या चौरसांवर काढतात. अशा चौरसाला टेट्रॅड म्हणतात. १० किलोमीटरच्या चौरसात असे २५ टेट्रॅड बसतात आणि त्यांना ‘ए’ ते ‘झेड’ अशी अक्षरं असतात. ‘ओ’ मात्र वगळतात, कारण तो शून्यासारखा दिसतो. अक्षरं नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खालून वर जातात, मग पुढच्या स्तंभात पुन्हा खालून वर. सेलबर्न गाव येतं एसयू ७३ एल मध्ये आणि दक्षिणेला लागून असलेली नोअर हिल एसयू ७३ के मध्ये. १ किलोमीटरचा चौरस बरोबर लिहिलेला असला की टेट्रॅड त्यावरून आपोआप निघतो. त्यामुळे नोंद करणाऱ्याने आकडे सांभाळले तरी पुरे.

फोनवरचे अक्षांश-रेखांश आणि ब्रिटिश नकाशाची चौकट वेगवेगळ्या गणिती पायांवर बेतलेली आहेत. रूपांतर नीट झालं नाही तर दक्षिण इंग्लंडमध्ये जागा १०० मीटरच्या आसपास सरकते. पाखरू कुरणात होतं आणि नोंद पडली रस्त्यापलीकडच्या रानात, असं यामुळे होतं. वन्यजीवांच्या नोंदी टाकायचं आयरेकॉर्ड ॲप थेट चौकटीचा संदर्भ देतं. तोच उतरवून घ्यावा.

शेवटची गोष्ट खोट्या अचूकपणाची. फोन दहा आकडे दाखवतो म्हणून दहा आकडे लिहायचे नसतात. चंडोलाच्या जातीचा स्कायलार्क तुमच्यापासून १५० मीटरवर आभाळात गात असेल, तर जागा त्याची लिहायची, तुमची नव्हे, आणि तीही सहा आकड्यांतच. तीन किलोमीटर चालून केलेली यादी गावाच्या मधल्या एका बिंदूवर टाकू नये. चौरस बदलला की नवी यादी सुरू करावी.

पक्षी: पूर्ण यादी आणि पहाटेची फेरी

‘आज रेड काइट (एक घार) दिसली’ ही नोंद खरी असली तरी एकटी फारशी उपयोगाची नाही. काल दिसली नव्हती का? दिसली नव्हती, की कोणी पाहिलंच नव्हतं? हे कळत नाही. बीटीओ, म्हणजे ब्रिटनची पक्षी-अभ्यास संस्था, बर्डट्रॅक या आपल्या ऑनलाइन नोंदवहीत ‘पूर्ण यादी’चा पर्याय देते तो यासाठीच. फेरी सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, आणि त्या वेळात ओळखू आलेली प्रत्येक जात: वुडपिजन, कावळा, चिमणी, सगळ्या. यादी पूर्ण असेल तर जे नाव तिच्यात नाही, ते ‘दिसलं नाही’ म्हणून वाचता येतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आली, यावरून चिमणी वाढतेय की घटतेय हे काढता येतं. ही तीच आपली घरचिमणी, आणि ब्रिटनमध्ये ती लाल यादीत आहे. तिच्याबद्दल आपल्याला थोडंफार कळतं ते कोणीतरी रोज कंटाळा न करता तिचं नाव लिहिलं म्हणून. नेहमीच्या जाती गाळणं ही नोंदवह्यांतली सगळ्यात महागडी चूक आहे.

याहून कडक पद्धत म्हणजे १९९४ पासून चाललेला ब्रीडिंग बर्ड सर्व्हे, म्हणजे विणीच्या हंगामातली देशभरची पक्षीगणना. त्यात १ किलोमीटरचा चौरस तुम्ही निवडायचा नसतो, तो यादृच्छिक पद्धतीने ठरवून दिला जातो. हे नव्या लोकांना खटकतं. गावाशेजारी सुंदर रान असताना नुसत्या बार्लीच्या शेतात का जायचं? जायचं, कारण माणसाला निवडू दिलं की तो पक्षी असलेलीच जागा निवडतो, आणि मग देशभर सगळं आलबेल असल्याचा भास होतो. बार्लीच्या शेतातले चार पक्षीसुद्धा देशाच्या हिशेबात मोजले जायला हवेत.

त्या चौरसात साधारण ५०० मीटर अंतर ठेवून दोन समांतर वाटा आखतात. प्रत्येक वाट १ किलोमीटरची आणि तिचे २०० मीटरचे पाच तुकडे. हंगामात फेऱ्या दोन: पहिली एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत, दुसरी मेच्या मध्यापासून जूनअखेर, आणि दोन्हींत निदान चार आठवड्यांचं अंतर. सुरुवात सकाळी सहा ते सातच्या दरम्यान. पहिल्या फेरीत लवकर गाणारे रहिवासी पक्षी सापडतात, दुसऱ्या फेरीत आफ्रिकेतून उशिरा पोचलेले. जातवार हिशेबाला दोन फेऱ्यांतला मोठा आकडा घेतात, बेरीज नाही, कारण दोन्ही वेळेला तोच पक्षी असू शकतो. प्रत्येक पक्षी वाटेपासून किती लांब होता तेही लिहायचं: २५ मीटरच्या आत, २५ ते १०० मीटर, १०० मीटरच्या पलीकडे, की वरून उडत गेला. अंतर यासाठी की लांबचे छोटे पक्षी निसटतात. जवळच्या आणि लांबच्या पट्ट्यांची तुलना करून किती निसटले असतील याचा अंदाज बांधता येतो.

अशा फेरीत निम्म्याहून जास्त पक्षी कानानेच कळतात. व्हाइट यांचं मोठं काम इथलंच. चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर हे तीन हिरवट-पिवळे, बोटभर पक्षी त्यांनी १७६८ पर्यंत वेगळे ओळखले, आणि त्यात त्यांच्या गाण्याचा वाटा मोठा होता. चिफचॅफ आपलंच नाव दोन सुरांत ठोकत राहतो. विलो वॉर्बलरचं गाणं वरून सुरू होऊन हळूहळू उतरत विरून जातं. पक्षी गप्प असेल तर पायांचा रंग (चिफचॅफचे गडद, विलोचे बहुधा फिके) आणि पंखांच्या टोकांची लांबी पाहावी लागते. तेवढं दिसलं नाही तर ‘चिफचॅफ किंवा विलो’ असं लिहायला हरकत नाही. असं लिहिण्यात कमीपणा नाही.

फोनवर आवाज ओळखणारी ॲप चांगला शिक्षक आहेत, पण साक्षीदार म्हणून कच्ची. स्टारलिंग दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करते. ती घराच्या धुराड्यावर बसून कर्ल्यूची शीळ घालते आणि ॲप कर्ल्यू लिहून मोकळं होतं, जरी आसपास दलदल नसली तरी. ॲपने नाव सुचवलं की थांबायचं, आवाज पुन्हा ऐकायचा, जमल्यास पक्षी पाहायचा आणि मगच लिहायचं.

गावात पक्षी दिसणं आणि गावात त्याने पिल्लं वाढवणं यांत फरक आहे. म्हणून वसंतात वागणुकीची खूण लिहितात. गाणारा नर असेल तर ‘शक्य’, ठरल्या जागी जोडी दिसली तर ‘संभाव्य’, चोचीत चारा घेऊन जाताना किंवा नुकती उडू लागलेली पिल्लं दिसली तर ‘पक्कं’. यासाठी घरट्यात डोकावायची गरज नाही, आणि डोकावूही नये. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं प्रत्येक घरटं संरक्षित आहे. बार्न आउलसारख्या काही जातींना तर घरट्यापाशी नुसता त्रास देणंही गुन्हा आहे.

स्विफ्टची मोजणी वेगळी करावी लागते. ते मेच्या सुरुवातीला येतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निघूनही जातात. आभाळात उंच फिरणारे मोजून काही कळत नाही, कारण ते कुठूनही आलेले असतात. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत, शांत कोरड्या हवेत, सूर्यास्ताच्या आधीच्या दीड-दोन तासांत रस्त्यावर उभं राहायचं. छपराच्या उंचीवरून किंचाळत जाणारे थवे जवळपास घरटी असल्याची खूण आहेत. पक्षी पंख मिटून नेमका कोणत्या वळचणीत शिरला, ते पाहायचं आणि त्या घराची जागा आठ आकड्यांत लिहायची. शिरायला क्षणच लागतो, म्हणून एका माणसाने एकाच बाजूवर नजर ठेवावी. ही नोंद घरमालकाला दाखवणंही तितकंच महत्त्वाचं. छपराची डागडुजी करताना फट बुजवली की जोडी पुढच्या वर्षी तिथेच येऊन भिंतीवर धडका देत राहते.

फुलपाखरं: पाच मीटरची अदृश्य पेटी

ब्रिटनमध्ये नियमित आढळणाऱ्या फुलपाखरांच्या जाती साठाच्या आत आहेत. आपल्याकडे सह्याद्रीत याच्या कित्येक पट. जाती थोड्या असल्याने एका गावाने वर्षभर मन लावून पाहिलं, तर आपल्या हद्दीतल्या जवळजवळ सगळ्या हाती लागतात.

१९७६ पासून चाललेल्या राष्ट्रीय फुलपाखरू गणनेची पद्धत अशी. एक ते दोन किलोमीटरची कायमची वाट ठरवायची आणि तिचे जास्तीत जास्त १५ तुकडे पाडायचे. तुकडा बदलायचा तो अधिवास बदलेल तिथे: कुरण संपून कुंपण सुरू झालं की नवा तुकडा. १ एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत २६ आठवडे, आठवड्याला एकदा, त्याच वाटेने, त्याच दिशेने, सावकाश आणि एकसारख्या गतीने चालायचं. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, पुढे पाच आणि वर पाच मीटर, एवढ्या पेटीत आलेलं फुलपाखरूच मोजायचं. सातव्या मीटरवर बुडलियाच्या झुडपावर दहा पीकॉक फुलपाखरं बसलेली असली तरी ती मोजणीत धरायची नाहीत. हवं तर वेगळी सुटी नोंद करावी. मागे वळून पाहायचं नाही. ओळख पटवायला थांबलात, तर थांबलेल्या वेळात आलेली इतर पाखरं मोजायची नाहीत.

हवामानाचे नियम याहून कडक आहेत. वेळ सकाळी पावणेअकरा ते दुपारी पावणेचार. तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर जायचं नाही. १३ ते १७ च्या मध्ये असेल तर वाटेवर किमान ६० टक्के ऊन हवं. १७ च्या वर असेल तर ढग चालतात, पाऊस चालत नाही. वारा ब्यूफोर्ट मापाने ५ च्या वर नको. पाचला पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागतात, एवढी खूण पुरते. कारण उघड आहे. फुलपाखरू उन्हाने अंग तापल्याशिवाय उडत नाही. गार ढगाळ दिवशी कुरण मोकळं दिसतं, पण पाखरं तिथेच गवतात बसलेली असतात. अशा दिवसाचा शून्य हा हवेचा शून्य आहे. आणि उलट, नियमाप्रमाणे चालून आलेला शून्य सोन्यासारखा असतो. तो लिहायलाच हवा. एखादा आठवडा चुकला तर गणिताने भरून काढता येतो. सलग तीन आठवडे चुकले, आणि एखाद्या जातीचा उडण्याचा काळच तेवढा असला, तर त्या वर्षी तिचा हिशेब लागत नाही. म्हणून एका वाटेला दोन-तीन माणसं असलेली बरी.

ओळखताना ठरावीक जोड्या फसवतात. मेडो ब्राउन आणि गेटकीपर दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या पुढच्या पंखावर डोळ्यासारखा काळा ठिपका. गेटकीपरच्या ठिपक्यात बहुतेक वेळा पांढरे बिंदू दोन असतात, मेडो ब्राउनच्या ठिपक्यात एक. लार्ज व्हाइटच्या पंखाच्या टोकाचा काळा डाग बाहेरच्या कडेने खाली निम्म्यापर्यंत उतरतो. स्मॉल व्हाइटचा फिकट आणि टोकापुरताच. ऑरेंज-टिपची मादी आणखी फसवी, कारण नारिंगी टोक फक्त नराला असतं. मादी बसू द्यावी: मागच्या पंखाची खालची बाजू हिरवट चट्टेरी दिसली की शंका संपली. एप्रिलमध्ये घराच्या कुंपणाशी, झुडपांच्या शेंड्यावर उडणारं निळं फुलपाखरू जवळजवळ नक्की होली ब्लू असतं. कॉमन ब्लू तोवर कोशातून बाहेर आलेलंच नसतं, आणि ते उडतं ते गवतावर. स्मॉल स्किपर आणि एसेक्स स्किपर यांच्यात फरक मिशांच्या टोकाखालचा, एसेक्सचा कुळकुळीत काळा. हे बघायला पाखराच्या समोर गुडघ्यावर बसावं लागतं. चालता चालता जमत नसेल तर ‘स्मॉल किंवा एसेक्स’ असा अधिकृत रकानाच आहे.

फोटो काढायचा तर पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू घ्याव्यात. फक्त मिटलेल्या पंखांचा फोटो असला तर तपासणाऱ्याचे हात बांधले जातात.

पेंटेड लेडी हे फुलपाखरू महाराष्ट्रातही दिसतं, तीच जात. इंग्लंडमध्ये ते हिवाळा काढू शकत नाही, दरवर्षी दक्षिणेकडून पिढ्या बदलत नव्याने येतं. २००९ आणि २०१९ मध्ये त्यांचे लोंढेच्या लोंढे आले होते. अशा वर्षी आकड्याबरोबर उडण्याची दिशाही लिहावी.

सेलबर्नजवळच्या नोअर हिलवर मध्ययुगात चुनखडी खणलेल्या खाणींचे खळगे आहेत. आता ते गवताने भरलेत आणि राखीव आहेत. तिथे ड्यूक ऑफ बर्गंडी हे दुर्मीळ छोटं फुलपाखरू मे महिन्यात उडतं. नर एकाच झुडपाच्या आडोशाला ठाण मांडतो, म्हणून तो सापडतो. मादी मात्र गवतातून खाली खाली फिरते आणि नजरेतून सुटते. अळी काउस्लिपच्या पानांवर शिरा सोडून बारीक भोकं पाडते. ती भोकं ओळखता आली की पाखरं उडून गेल्यावरही जूनअखेर ‘इथे वीण झाली’ एवढं लिहिता येतं.

सापसरडे: पत्र्याखालचं जग

ब्रिटनमध्ये जमिनीवरचे मूळचे सरपटणारे प्राणी सहाच. तीन साप: ॲडर, ग्रास स्नेक, स्मूथ स्नेक. तीन सरडे: कॉमन लिझर्ड, सँड लिझर्ड आणि बिनपायाचा स्लो-वर्म. विषारी एकटा ॲडर. तो आपल्या घोणशीच्याच कुळातला, पण खूप लहान, बहुधा ७० सेंटिमीटरच्या आत. पाठीवर नागमोडी गडद पट्टा, डोळा लालसर आणि बाहुली उभी. ग्रास स्नेक हिरवट, मानेवर पिवळसर-काळी कॉलर, बाहुली गोल, आणि मादी मीटरभर वाढते. स्लो-वर्म पाहून महाराष्ट्रातल्या माणसाला सापसुरळी आठवेल: अंग चकचकीत, आणि साप नसल्याचा पुरावा म्हणजे तो पापणी मिटतो.

नुसतं चालून हे प्राणी फार कमी दिसतात. म्हणून जमिनीवर पन्हळी पत्रे किंवा छपराच्या डांबरी फेल्टचे तुकडे टाकतात. तुकडा साधारण अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, हेक्टरी दहापर्यंत. सकाळच्या उन्हात पत्रा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा लवकर तापतो, आणि थंड रक्ताच्या प्राण्याला शत्रूच्या नजरेआड ऊब मिळते. जागा दक्षिणेकडे तोंड असलेली, दाट गवत आणि काटेरी झुडपांच्या कडेची. पत्रे हिवाळा सरता सरता टाकावेत. खालचं गवत दबून बोळ तयार व्हायला वेळ लागतो. नव्या पत्र्याखाली पहिल्या आठवड्यात काही नाही म्हणून लोक तो उचलून दुसरीकडे नेतात. तसं करू नये. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, नकाशावर मांडावा आणि हंगाम संपला की मोजून परत आणावा. जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी. गुरं-घोडी चरत असतील तिथे पत्रा नकोच, धारेने पाय कापतात.

एप्रिल, मे आणि सप्टेंबर हे चांगले महिने. हवा ९ ते १८ अंश, वारा मंद, ऊन अधूनमधून. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, किंवा दुपारी चार ते साडेसहा. जुलैच्या दुपारी पत्रा भाजतो आणि खाली कोणी थांबत नाही. पावसानंतर ऊन पडलं की मात्र लगेच निघावं.

पत्र्याकडे जाताना चार मीटरवर थांबून आधी त्याच्या कडा आणि वरची बाजू पाहायची, कारण अर्धे प्राणी बाहेरच ऊन खात असतात. आपली सावली पुढे पडू द्यायची नाही. हातात जाड मोजे किंवा लांब आकडा. पत्र्याची पलीकडची कड आपल्या बाजूला उचलायची, म्हणजे पत्रा आपल्या आणि सापाच्या मध्ये राहतो. मोजायचं, जमल्यास फोटो घ्यायचा, दहा-पंधरा सेकंदांत संपवायचं. खाली प्राणी असेल तर पत्रा त्याच्यावर टाकायचा नाही. पत्रा आधी ठेवून द्यावा आणि प्राण्याला कडेने आत सरकू द्यावं. पकडायचं काहीच नाही: सरडा आणि स्लो-वर्म शेपूट टाकतात, आणि पुन्हा आली तरी ती पहिल्यासारखी नसते. ॲडर चावलाच तर हालचाल थांबवून ९९९ ला फोन करायचा.

नवख्यांची नेहमीची गफलत म्हणजे न्यूट. हा पाण्याजवळचा उभयचर जीव ओल्या पत्र्याखाली निजलेला सापडतो आणि ‘कॉमन लिझर्ड’ म्हणून लिहिला जातो. न्यूटच्या अंगावर खवले नसतात आणि तो संथ असतो. सरडा ऊब लागलेली असेल तर पाहता पाहता पसार होतो.

आकडा लिहिताना दिवसाचा सर्वांत मोठा आकडा महत्त्वाचा, सगळ्या फेऱ्यांची बेरीज नव्हे. वीस फेऱ्यांत एकच ॲडर वीस वेळा दिसू शकतो. एका माणसाला एका दिवशी दहापेक्षा जास्त ॲडर दिसले तर ती जागा अव्वल धरतात. स्लो-वर्मसाठी तोच आकडा वीसच्या वर आहे. ॲडरच्या डोक्यावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे डोक्याचे स्पष्ट फोटो जपले तर वर्षानुवर्षं तोच साप ओळखता येतो. कात सापडली तर तीही नोंद आहे; रकान्यात ‘कात’ असं लिहून ठेवावं. एखादी जात ‘नाही’ म्हणण्याआधी योग्य हवेत निदान सात फेऱ्या व्हायला हव्यात, आणि त्यानंतरही ‘आढळली नाही’ एवढंच लिहावं.

सेलबर्नच्या पूर्वेला वूलमर फॉरेस्टची वालुकामय माळरानं आहेत. तिथे सहाही जाती आहेत. पण स्मूथ स्नेक आणि सँड लिझर्ड यांना इतकं कडक संरक्षण आहे की त्यांच्या अधिवासात पत्रे उचलत फिरायला परवाना लागतो. शिवाय तो भाग लष्करी सरावाचा आहे. गावच्या हौशी गटाने तिथल्या मोजणीला परवानाधारक माणसाबरोबरच जावं.

नोंद पुढे कुठे जाते

पक्षी बर्डट्रॅकवर, फुलपाखरांच्या आठवडी फेऱ्या गणनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सुटी फुलपाखरं आणि सापसरडे आयरेकॉर्डवर. एकच नोंद दोन ठिकाणी टाकू नये, पुढे दोन्ही साठे एकत्र आले की एका पक्ष्याचे दोन होतात. प्रत्येक नोंद एखादा जाणकार तपासतो. तो बहुधा त्या काउंटीतला, त्या गटातला माहीतगार स्वयंसेवक असतो. ‘हे कशावरून?’ असं त्याने विचारलं तर ते मनाला लावून घेऊ नये. वही उघडून काय दिसलं ते सांगावं, आणि सांगता येत नसेल तर नोंद मागे घ्यावी. हॅम्पशरच्या नोंदी काउंटीच्या जैवविविधता माहिती केंद्रात पोचतात. गावाबाहेर घरं बांधायचा अर्ज आला की तिथे काय राहतं हे त्या केंद्राकडे विचारलं जातं. तिथे तुमच्या कुरणाच्या नावापुढे कोरा रकाना असेल, तर ‘तिथे काहीच नाही’ असा त्याचा अर्थ लावला जाण्याची भीती असते.

ॲडरचं हिवाळी बीळ किंवा बार्न आउलचं घरटं यांची नेमकी जागा तपासणाऱ्याला जरूर द्यावी, पण गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. सार्वजनिक नकाशावर अशा जागा मुद्दाम धूसर करता येतात, तो पर्याय निवडावा.

हिवाळ्यात वही बंद करायची गरज नाही. नोअर हिलच्या परिसरात ब्राउन हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू आहे. उन्हाळ्यात ते झाडांच्या शेंड्यांवर असतं म्हणून क्वचितच दिसतं, पण त्याची अंडी डिसेंबर ते फेब्रुवारी ब्लॅकथॉर्न या कुंपणातल्या काटेरी झुडपाच्या उघड्या फांद्यांवर शोधता येतात. टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं शुभ्र अंडं, बहुतेक वेळा कोवळी फांदी जुनीतून फुटते त्या बेचक्यात, जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत. काळ्या सालीवर ते उठून दिसतं. भिंग मात्र जवळ हवं. नेमकी हीच कोवळी वाढ शेतकरी हिवाळ्यात यंत्राने छाटतात, कारण १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायला मनाई आहे. म्हणून किती मीटर कुंपण पाहिलं, किती अंडी मिळाली आणि कोणत्या भागात एकही मिळालं नाही, हे लिहून त्या शेतकऱ्याला आधीच द्यावं आणि दरवर्षी कुंपणाचा एक-तृतीयांश भागच छाटायची विनंती करावी. तो कबूल झाला तर पुढच्या जानेवारीत छाटलेला आणि राखलेला भाग सारखाच वेळ देऊन तपासावा, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहावेत.